मांडणी बदलायची तर गिऱ्हाईक थोडे असतानाच

धंद्यात प्रत्येकाला केव्हा ना केव्हा एक प्रश्न पडतो. सुरुवातीला घाईघाईत लावलेली एखादी पद्धत चुकीची होती, हे काम चालू झाल्यावर ध्यानात येते. ती तशीच चालू द्यायची की मोडून नव्याने बसवायची? तशीच ठेवावी तर चूक कायमची गळ्यात पडते. मोडावी तर तिच्या सवयीचे गिऱ्हाईक नाराज होते. वहीचे रकाने, दुकानाची मांडणी, मापे आणि वजने यांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनीही सोडविला आहे. आता तोच प्रश्न सॉफ्टवेअरच्या रूपाने आपल्या दारात आला आहे.

हा विषय शहरातल्या मोठ्या कंपन्यांचा आहे, नाटे, जैतापूर, राजापूर भागातल्या दुकानदाराचा आणि कारागिराचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमच्या मते संबंध दुहेरी आहे. आज बिल करणे, उधारी लिहिणे, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणे ही कामे संगणकावर व मोबाईलवर होत आहेत, म्हणजे आपण या मालाचे गिऱ्हाईक आहोत. दुसरीकडे आपली मुले संगणकाचे शिक्षण घेऊन असेच प्रोग्राम तयार करण्याच्या धंद्यात उतरत आहेत, म्हणजे उद्या आपणच त्याचे कारागीरही होणार आहोत. म्हणून दोन्ही बाजूंनी या प्रश्नाचा विचार झाला पाहिजे.

एका रकान्याची गोष्ट

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. समजा, नाट्यातील एका तरुणाने बंदरावरच्या मासळीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम तयार केला. होडी लागली की होडीचे नाव, मासळीचा प्रकार, वजन किती किलो आणि दर काय, एवढे भरायचे. हिशेब आपोआप तयार. पहिल्या महिन्यात दहा-बारा दलाल तो वापरू लागले. परंतु बंदरावर सगळीच बोली किलोवर होत नाही, काही माल टोपलीवर जातो. टोपलीसाठी वेगळा रकाना नाही. मग एका दलालाने युक्ती काढली. टोपली विकली की किलोच्या रकान्यात १ लिहायचा आणि दराच्या रकान्यात टोपलीची किंमत. बेरीज बरोबर येते, काम भागते. त्याचे पाहून दुसराही तसेच करू लागला.

महिनाभराने ही गोष्ट त्या तरुणाच्या लक्षात आली. आता त्याने काय करावे? टोपलीचा रकाना आजच घालावा, तर बारा जणांना नवी पद्धत शिकवावी लागेल आणि महिन्याच्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतील. त्याला संकोच वाटतो. आत्ताच कुठे लोकांचा हात बसला आहे, एवढ्यात बदल केला तर गिऱ्हाईक तुटेल, असे त्याच्या मनात येते. तो गप्प बसतो.

दोन वर्षांनी तोच प्रोग्राम दोनशे जणांकडे गेला. आता किलोच्या रकान्यातला १ म्हणजे एक किलो की एक टोपली, हे त्या त्या दलालालाच ठाऊक. वर्षाला किती किलो सुरमई आली, हे कोणी विचारले तर प्रोग्राम खोटे उत्तर देणार. माल तोच, बेरीज तीच, पण वजनाची नोंद निकामी. कुरआनमध्ये सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माप-वजनात कसर करणाऱ्यांना कडक ताकीद आहे. या दलालाने कसर केलेली नाही आणि त्या तरुणानेही नाही. तरीही संकोचापायी माप बिघडले ते बिघडलेच. बारा गिऱ्हाइकांच्या घरी एका दिवसात जाऊन जे काम झाले असते, ते आता वर्षभरातही उरकणार नाही.

बारा जणांचा संकोच

हे उदाहरण आम्ही कल्पिले असले तरी जगात असे प्रत्यक्ष घडले आहे. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज या प्रसिद्ध संशोधन संस्थेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम बनविणाऱ्या लोकांची कामे क्रमाने लावून देणारे ते एक साधन होते. त्यात एक नियम असा होता की हुकुमाची प्रत्येक ओळ ‘टॅब’ या बटणाने सुरू झाली पाहिजे. टॅबने सुटलेली मोकळी जागा आणि साध्या बटणाने सोडलेली मोकळी जागा पडद्यावर सारखीच दिसते. त्यामुळे डोळ्यांना बरोबर दिसणारी ओळ प्रत्यक्षात चुकीची ठरते आणि कारण शोधता शोधता माणूस थकतो.

ही मांडणी वाईट आहे, हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले. परंतु तोवर डझनभर सहकारी तो प्रोग्राम वापरू लागले होते. त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी बदल केला नाही. पुढे तो प्रोग्राम जगभर पसरला आणि डझनभर लोकांचा थोडा त्रास वाचविण्यासाठी लाखो लोकांच्या वाट्याला कायमचा त्रास आला. फेल्डमन यांनी स्वतः पुढे हे मोकळेपणाने सांगितले आहे.

आपल्या देशातले ताजे उदाहरण जीएसटीचे घ्या. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला, तेव्हा विवरणपत्रांची मूळ योजना वेगळी होती. ती जड जाऊ लागल्याने ‘३ बी’ हे सोपे विवरणपत्र तात्पुरते म्हणून आणले गेले. नंतर नव्या विवरणपत्रांच्या योजना जाहीर झाल्या आणि मागेही पडल्या. तात्पुरते ३ बी मात्र पक्के होऊन बसले. तात्पुरते म्हणून लावलेली वस्तू लोकांच्या हाती रुळली की ती काढणे सरकारलाही सोपे जात नाही. मग लहान धंदेवाल्याची काय कथा!

हात अनेक झाल्यावर

तर मग चुकीची मांडणी कधीही मोडावी काय? येथे आमचे मत वेगळे आहे. वेळ टळून गेल्यावर मोडतोड करणे हा सुधार नसून गिऱ्हाइकावर अन्याय आहे. वेळ गेल्यानंतरचा मार्ग निराळा आहे. जुने चालू ठेवायचे आणि शेजारी नवे जोडायचे.

साखरी नाट्याच्या तांडेलांना जीपीएस यंत्राची ओळख करून देण्याची गरज नाही. अमेरिकेच्या उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशावर ते चालते. या संदेशात आठवड्यांचा क्रमांक मोजण्यासाठी आरंभी इतकीच जागा ठेवली होती की ० ते १०२३ एवढेच आकडे बसावेत. ६ जानेवारी १९८० पासून मोजणी सुरू झाली. १०२४ आठवडे, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षे झाली की मोजणी पुन्हा शून्यावर येते. २१ ऑगस्ट १९९९ आणि ६ एप्रिल २०१९ या दोन दिवसांच्या मध्यरात्री (जागतिक वेळेप्रमाणे) तसे झाले. ज्या जुन्या यंत्रांत याची तरतूद नव्हती, त्यांच्यात तारीख चुकण्याचा धोका होता. यापुढे २०३८ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा तसे होणार आहे.

ही चूक त्यांना दुरुस्त करता आली नसती काय? जुन्या संदेशाची रचना बदलली असती तर जगातल्या जहाजांवरची, विमानांतली आणि आपल्या होड्यांवरची असंख्य जुनी यंत्रे एका दिवसात मुकी झाली असती. म्हणून जुना संदेश जसाच्या तसा ठेवला गेला. नव्या यंत्रांसाठी वेगळे संदेश जोडले गेले आणि त्यांत आठवडे मोजायला इतकी जागा ठेवली की सुमारे १५७ वर्षे पुरावी. जुन्या यंत्राचा मालक समुद्रात अडकला नाही आणि नव्या यंत्राच्या मालकाला जुन्याचा दोष भोगावा लागला नाही.

जोडणे आणि तोडणे

या मार्गाचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या प्रत्येक घरात आहे. हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत कुरआनच्या प्रती तयार करून निरनिराळ्या प्रांतांत पाठविल्या गेल्या, तेव्हाच्या लिपीत आजच्यासारखे नुक्ते आणि जेर-जबर-पेश नव्हते. अरबांना त्याची अडचण नव्हती. परंतु इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, तेव्हा ज्यांची मातृभाषा अरबी नाही त्यांच्या पठणात चुका होऊ लागल्या. स्वरांसाठी रंगीत ठिपके देण्याच्या कामाचे श्रेय परंपरेने अबुल अस्वद अद-दुअली यांना दिले जाते आणि आजच्या वळणाच्या खुणांचे श्रेय हिजरी दुसऱ्या शतकातील विद्वान खलील बिन अहमद यांना. या सर्वांनी मूळ अक्षरांची रेषा हलविली नाही. खुणा वर आणि खाली जोडल्या. जाणकार खुणांशिवाय वाचू शकत होता, तो पुढेही तसाच वाचू शकला. कोकणातले मूल मदरशात बसून वाचू लागले ते या जोडलेल्या खुणांमुळे.

उलट उदाहरणही आहे. तुर्कस्तानने १९२८ साली कायदा करून अरबी लिपी सोडली व रोमन लिपी घेतली. साक्षरतेला त्याचा लाभ झाला असे त्याचे समर्थक सांगतात. परंतु आजोबांची पत्रे, वह्या आणि थडग्यावरची अक्षरे नातवाला वाचता येईनाशी झाली, हेही खरे. आपल्याकडे मोडी लिपीचे तेच झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी दस्तऐवज व वह्या मोडीत लिहिल्या जात. पुढे शाळांतून मोडी गेली. आज जमिनीचा जुना दस्त हाती आला तर तो वाचण्यासाठी मोडीचा जाणकार शोधावा लागतो. बालबोध लिपी छापायला सोपी होती, हे मान्य. पण मागच्या नोंदी वाचण्याचा मार्ग उघडा ठेवण्याची काळजी पुरेशी घेतली गेली नाही आणि त्याचा खर्च आज ज्याच्या घरी दस्त आहे त्याला सोसावा लागतो.

मराठी अक्षरांचा अनुभव

मोडी गेली ती एका पिढीत. संगणकावरच्या मराठीला एवढाही वेळ लागला नाही. पूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या सोयी होत्या आणि अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत ज्याची त्याची वेगळी. एका संगणकावर टाइप केलेली मराठी दुसऱ्यावर नेली, तिथे तोच फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती रांगोळी. पुढे युनिकोड आले. त्यात जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक. हा बदल आवश्यकच होता. परंतु ज्या छापखान्यांनी आणि कार्यालयांनी वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये साठविला होता, त्यांना तो उलटवून घेण्याचे काम स्वतः करावे लागले. अनेक ठिकाणी ते आजही अपुरे आहे. आपल्या जमातीचे जुने ठराव, मशिदीच्या ट्रस्टचे हिशेब अशा फॉन्टमध्ये कुठे पडून असतील तर ते उलटवून घेण्याची व्यवस्था आताच करावी, अशी आमची विनंती आहे.

युनिकोडवाल्यांच्या वागण्यात मात्र आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर सापडते. पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात कोरियन लिपीची मांडणी अपुरी ठरली. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी कोरियन अक्षरे जुन्या जागेवरून उचलली आणि ११,१७२ अक्षरे नव्या जागी बसविली. जुना मजकूर ज्यांच्याकडे होता त्यांना त्रास झाला, पण तेव्हा असे लोक थोडे होते. त्यानंतर त्यांनी नियम केला की एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कधी हलवायचा नाही आणि काढायचाही नाही. मराठीतला ‘ॲ’ त्यांनी २००८ साली घेतला, तो मोकळ्या जागी नवा क्रमांक देऊन. कोणत्याही जुन्या अक्षराला धक्का न लावता. आधी धीर करून बदल, मग शब्द देऊन स्थैर्य. हाच क्रम आम्हाला योग्य वाटतो.

बोटांची सवयही भांडवलच

आपल्या व्यापाऱ्यांना जवळचे उदाहरण टॅलीचे. २०२० साली टॅली प्राइम ही नवी आवृत्ती आली, तेव्हा पडद्याची मांडणी बरीच बदलली. परंतु पेमेंटला एफ ५, रिसीटला एफ ६, विक्रीला एफ ८ आणि खरेदीला एफ ९ ही रोजची बटणे तीच राहिली. क्रेडिट नोट व डेबिट नोट यांची बटणे मात्र बदलली. दिवसभरात शंभर वेळा दाबायचे बटण राखले, क्वचित लागणारे बदलले. दिवाणजीच्या बोटांत बसलेली सवय हे दुकानाचे भांडवल असते. बटण बदलले की काही दिवस काम मंदावते, चुका होतात आणि त्याचा खर्च सॉफ्टवेअर बनविणाऱ्याच्या वहीत कोठेच दिसत नाही. तो दुकानदाराच्या वहीत पडतो.

कारागिरांना हे सांगायला नको. शिंप्याच्या टेपवर एका अंगाला इंच व दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर असतात. सुतार आजही सुताच्या हिशेबाने रंधा मारतो आणि दुकानातून फळी मात्र मिलिमीटरच्या जाडीने आणतो. दोन्ही मापे शेजारी नांदतात, म्हणून काम अडत नाही.

सर्वांनी एकदम बदलायचे असेल तेव्हा

कधी कधी दोन्ही शेजारी ठेवणे शक्य नसते. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास हा हिशेब सरळ होता. पण एका आण्याचे सव्वासहा नये पैसे. ते कसे द्यायचे-घ्यायचे? पाव पैशावरून वाद होणारच. तरीही तो बदल पार पडला. आधी कायदा झाला, आणा-पैशांचे तक्ते छापले गेले, जुनी आणि नवी नाणी काही काळ एकत्र चालली, आणि लोकांना ‘नया’ सांगण्याची गरज उरली नाही तेव्हा १९६४ साली तो शब्दही गेला. शेर-मणाच्या जागी किलो आले तेही १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत. ब्रिटनने आपला पैसा दशमान केला तो १९७१ साली, आपल्यानंतर चौदा वर्षांनी. आपण लवकर बदललो आणि मुदत देऊन बदललो.

परंतु लक्षात ठेवा, तेथे सरकारचा कायदा होता. खासगी सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे तसा अधिकार नाही. त्याला गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली परवानगी आहे, इतकेच.

आमची सूचना

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे असे. पहिले दहा-वीस गिऱ्हाईक असतील तोवर महिन्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसा आणि ते तुमच्या रकान्यांत नेमके काय लिहितात ते डोळ्यांनी पाहा. कोणी युक्ती काढून काम भागवीत असेल तर मांडणीत खोट आहे असे समजा व ती तेव्हाच सुधारा. जुन्या नोंदी दुरुस्त करून देण्याचे काम तुमचे, त्याचा मोबदला मागू नका. ही मांडणी अजून कच्ची आहे, सहा महिने बदलत राहील, असे विकतानाच सांगा. सांगून केलेल्या बदलाने गिऱ्हाईक तुटत नाही. गिऱ्हाईक वाढले की मात्र शब्द द्या की रोजची बटणे व जुन्या नोंदी यांना हात लागणार नाही, आणि तो पाळा.

विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझ्या सगळ्या नोंदी मला साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही बाहेर काढता येतील काय? नवी आवृत्ती आली तर पाच वर्षांपूर्वीचे खाते उघडेल काय? आणि बदल करणार असाल तर किती दिवस आधी सांगाल? या तिन्हींची उत्तरे कागदावर घ्यावीत. सूरह अल-बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. ज्या वहीत तो लिहिला, ती वही पुढे वाचता येणार नसेल तर लिहिण्याचा हेतूच संपला.

उधारीची वही, वजनाची नोंद, दिवाणजीच्या हाताची सवय या सर्व गोष्टी गिऱ्हाइकाने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहेत. सुरुवातीला संकोच न करता चूक सुधारणे आणि नंतर लोभ न धरता जुने जपणे, या दोन्हींत तिची राखण आहे. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो.